झाडीतले छोटे मिड-सेंच्युरी मॉडर्न घर दुरुस्त करताना: कामांचा योग्य क्रम आणि टाळायच्या चुका

अमेरिकेत साधारण १९४५ ते १९७० या काळात झाडीच्या उतारांवर बांधलेली मिड-सेंच्युरी मॉडर्न घरे आकाराने लहान असतात, म्हणून त्यांची दुरुस्तीही लहानच असेल असे घेणाऱ्याला वाटते आणि तो स्वयंपाकघरापासून सुरुवात करतो. नवी कपाटे बसतात, ओट्यावर नवा दगड येतो आणि मग छप्पर गळू लागते किंवा दिव्यासाठी एक जादा वायर ओढायला वाटच नाही असे लक्षात येते. नुकतेच पैसे देऊन करून घेतलेले काम पुन्हा उखडावे लागते.

या घरांची बांधणी समजून घेतली की हा क्रम का चुकतो ते कळते. खांबांवर तुळया आणि तुळयांवर जाड फळ्या टाकलेल्या असतात. त्या फळ्यांची खालची बाजू हेच आतले छत असते आणि वरच्या बाजूवर थेट छपराचा थर असतो. मध्ये पोटमाळा नसतो. बाहेरच्या भिंतींचा बराच भाग काचेचा असतो आणि अनेक घरांत जमीन म्हणजे मातीवर ओतलेली काँक्रीटची लादी, त्याखाली तळघर नाही. त्यामुळे वायर, नळ किंवा उष्णतारोधक थर यांपैकी काहीही झाकायला जागा राहत नाही. ती जागा मिळते फक्त छप्पर उघडे असते त्या थोड्या दिवसांत. सगळे नियोजन त्या दिवसांभोवती बांधावे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

## टप्पा १: काहीही तोडण्याआधीची पाहणी

पहिली पाहणी मुसळधार पावसात करावी. छत्री घेऊन घराभोवती सावकाश फिरावे आणि छपरावरचे पाणी कोणत्या कोपऱ्यातून कोसळते, चढावरून येणारे पाणी भिंतीच्या कोणत्या भागाला टेकते आणि ते किती वेळ साचून राहते हे कागदावर उतरवावे. दुसरी पाहणी पानगळीनंतर करावी, कारण पन्हळी आणि छपरावरची निचऱ्याची तोंडे पाचोळ्याने कशी तुंबतात ते तेव्हाच दिसते. शिवाय पाने असताना आणि नसताना घरात ऊन कुठवर येते यातला फरकही त्याच वेळी समजतो.

त्यानंतर कागदपत्रे पाहावीत. गावाच्या किंवा काउंटीच्या बांधकाम विभागात मूळ नकाशे सापडण्याची शक्यता असते, आणि तुळयांची मापे व पाया यांची माहिती त्यांतून मिळाली तर पुढची बरीच तोडफोड वाचते. घर एखाद्या नियोजित वसाहतीत असेल तर तिचे नियमही आताच वाचून घ्यावेत. व्हर्जिनियातील हॉलिन हिल्ससारख्या वसाहतींत घराच्या बाहेरील बदलांचे आराखडे आधी तपासले जातात. छपराची कड जाड होणे हा मालकाला किरकोळ वाटणारा फरकही तिथे बाहेरचा बदल ठरू शकतो.

घर विकत घेताना होणारी नेहमीची पाहणी या घरांना पुरत नाही. खांब-तुळईच्या बांधणीचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि प्रमाणित वृक्षतज्ज्ञ या दोघांना स्वतंत्रपणे बोलवावे. सांडपाण्याच्या नळातून कॅमेरा फिरवून घ्यावा. त्या काळात लाकडाचा लगदा डांबरात भिजवून केलेले नळ जमिनीखाली सर्रास घातले गेले. ते दाबाखाली चपटे होतात आणि झाडांची मुळे त्यांत सहज शिरतात. नळ तसला निघाला तर तो बदलण्याचा खर्च सगळ्यात आधी बाजूला काढावा.

जमिनीच्या लादीत गरम पाण्याच्या नळ्या असतील, तर त्यांची दाबाची चाचणीही याच टप्प्यात घ्यावी. यंत्रणा बंद करून ठरावीक दाब भरावा आणि काटा उतरतो का ते पाहावे. कॅलिफोर्नियात जोसेफ आयक्लर या विकासकाने बांधलेल्या घरांत लादीतून अशी ऊब देण्याची पद्धत सर्रास वापरलेली आहे. यंत्रणा चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने जमिनीचे फोटो काढले की नळ्या नेमक्या कुठून जातात ते स्पष्ट उमटते. हे फोटो जपून ठेवावेत, कारण पुढे लादीत एकही खिळा किंवा स्क्रू त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय मारायचा नाही.

तपासणी: पावसातली निरीक्षणे, मोजमापाचा नकाशा, प्रत्येक तुळईचे दोन्ही टोकांचे फोटो, नळाचे चित्रण आणि दाबचाचणीचा निकाल एका फाइलमध्ये जमा झाल्याशिवाय कंत्राटदाराकडून दर मागवू नये. अपुऱ्या माहितीवर दिलेला दर नंतर वाढतच जातो.

## टप्पा २: शिसे, अ‍ॅस्बेस्टॉस आणि जुनी वीज

घरगुती रंगांत शिसे वापरण्यावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात रंग खरवडण्यापूर्वी त्याची तपासणी करावी आणि मोबदला घेऊन असे काम करणारा कंत्राटदार पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांनुसार प्रमाणित आहे याची खात्री करावी. अ‍ॅस्बेस्टॉस हे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज मुख्यतः ९ इंची चौकोनी फरश्या, त्यांच्याखालचा काळा डिंक, पाइपांवरचे पांढरे वेष्टन आणि छपराचे जुने डांबरी थर यांत आढळते. नुसते पाहून ते ओळखता येत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवणे हाच एक मार्ग आहे.

सावधान: जुन्या फरश्या घासून सपाट करू नयेत. त्या अखंड आणि घट्ट बसलेल्या असतील, तर त्यांना न छेडता वर नवा थर घालणे बहुतेक वेळा जास्त सुरक्षित ठरते.

विजेच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात: मुख्य पॅनल किती जुने आहे, सॉकेटना अर्थिंग आहे का आणि वायर अॅल्युमिनियमची आहे का. सुमारे १९६५ ते १९७३ या काळातल्या घरांत घरभर अॅल्युमिनियमची वायर सापडते आणि तिचे जोड कालांतराने सैल होऊन तापतात. तशी वायर दिसली तर पाचव्या टप्प्याचा आराखडा करताना ती पूर्ण बदलण्याचा विचार करावा.

## टप्पा ३: झाडे, उतार आणि गाड्यांची वाट

झाडीतल्या घराचे सर्वात मोठे नुकसान अनेकदा कामाच्या पहिल्याच दिवशी होते. कचऱ्याचा लोखंडी डबा घेऊन आलेला ट्रक ओल्या जमिनीवरून थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत येतो. झाडाची बहुतांश मुळे वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात. ती माती एकदा दबली की मुळांना हवा आणि पाणी मिळेनासे होते. झाड मात्र लगेच वाळत नाही. ते काही वर्षांनी वाळते, तेव्हा कारण कोणाच्या लक्षात येत नाही आणि तोवर ते घरावर झुकलेले असते.

यावरचा उपाय साधा आहे. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा व्यास मोजावा आणि व्यासाच्या दर इंचाला १ फूट या हिशेबाने बुंध्याभोवती वर्तुळ आखावे. म्हणजे २० इंची ओकभोवती २० फूट त्रिज्येचे वर्तुळ होते. एवढ्या जागेला कंत्राटदार येण्याआधी पक्के कुंपण घालावे. घर लहान आणि झाडे दाट असतील तर वर्तुळे घरावरच येतात. तिथे लाकडी भुग्याचा जाड थर पसरून वर फळ्या टाकाव्यात, आणि चर खणणे टाळता येत नसेल तर वृक्षतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हाताने खणावा.

सेप्टिक टँक असेल तर त्याचे निचरा क्षेत्रही असेच आखून घ्यावे. त्यावरून एकही जड गाडी जाऊ देऊ नये, कारण खालचे छिद्रांचे पाइप चिरडले गेले तर ते सहजासहजी दुरुस्त होत नाहीत. टँकची क्षमता साधारणपणे बेडरूमच्या संख्येवर ठरते. त्यामुळे एक खोली वाढवण्याचा विचार असेल, तर आराखडा काढण्याआधी आरोग्य विभागाकडे चौकशी करावी.

उतार नीट करणे हे या टप्प्यातले दुसरे काम आहे. वर्षानुवर्षे पाचोळा कुजून भिंतीलगत माती चढत जाते आणि भिंतीवरचे मूळचे लाकडी आवरण हळूहळू मातीत गाडले जाते. ही चढलेली माती काढून लाकूड आणि जमीन यांत किमान ६ इंच अंतर मोकळे करावे, आणि घरापासून पहिल्या १० फुटांत जमीन ६ इंच उतरेल असे पाहावे. वरच्या बाजूने येणारे पाणी घराला वळसा घालून जाईल असा उथळ चर काढणे हे तळाशी महागडे जलरोधक लेप लावण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. पाणी भिंतीपर्यंत पोहोचलेच नाही तर लेपाची परीक्षा होण्याची वेळच येत नाही.

वणव्याचा धोका असलेल्या भागात घरापासून पहिल्या ५ फुटांत जळण्यासारखे काहीही ठेवू नये. त्या पट्ट्यात लाकडाचा भुगा, सरपण आणि वळचणीखालची झुडपे यांपैकी काहीही नको. ५ ते ३० फुटांत झाडांच्या खालच्या फांद्या छाटाव्यात आणि जमिनीवरचा वाळका कचरा उचलावा. सरसकट झाडतोड मात्र करू नये. पश्चिमेच्या काचेवर सावली धरणारे झाड गेले तर उन्हाळ्यात ते घर राहण्याजोगे उरत नाही.

## टप्पा ४: खांब आणि तुळया

या घरांच्या तुळया काचेच्या रेषेबाहेर वळचणीपर्यंत जातात आणि त्यांची टोके दशकानुदशके उघड्यावर भिजत राहतात. पाणी लाकडाच्या कापलेल्या टोकातून आत झिरपते, म्हणून कूज तिथेच सुरू होते. रंगाचा थर वरून अगदी धड दिसत असतो. हातात एक आरी (टोकदार टोचा) घेऊन टोकाच्या वरच्या कडेला आणि पत्रा जिथे टेकतो तिथे टोचून पाहावे. निरोगी लाकडात आरी अडते. कुजलेल्या लाकडात ती मुठीपर्यंत शिरते आणि बाहेर काढताना तपकिरी ओला चुरा सोबत येतो. मग हाताच्या अंतराअंतराने आत टोचत जावे आणि धड लाकूड कुठून सुरू होते तिथे खडूने खूण करावी. ओलावामापक असेल तर २० टक्क्यांच्या वरचा प्रत्येक आकडा त्याच खुणेशेजारी लिहावा. तुळईखाली बारीक भुशाची रास दिसली, तर सुतारमुंग्यांनी ओल्या लाकडात घर केल्याचे ते लक्षण असते.

कूज फक्त बाहेर आलेल्या टोकापुरती असेल तर ते टोक कापून नवे जोडणे, इपॉक्सीने भरणे किंवा वळचण आखूड करणे असे पर्याय उरतात. कूज खांबाच्या टेकूपर्यंत पोहोचली असेल तर निर्णय इंजिनिअरचाच असतो. दुरुस्तीनंतर टोकाच्या वरच्या बाजूला बाहेर उतरती पत्र्याची टोपी बसवावी. कुजलेल्या टोकाभोवती फळ्यांची पेटी करून ते झाकून टाकणे ही अतिशय हानिकारक सवय आहे. आत ओल कोंडते आणि पुढची पाहणीही अशक्य होते.

सावधान: वाकलेली तुळई एका दिवसात जॅकने उचलू नये. तिच्याखाली काच बसवलेली असते आणि भार बदलला की तडा आधी काचेला जातो. लगतच्या काचेच्या पट्ट्या सैल करून, दिवसाला अगदी थोडे थोडे उचलावे.

## टप्पा ५: वायरिंगचा अंतिम आराखडा, छपराच्या आधी

बहुतेक मालक या टप्प्यावर अडखळतात, कारण छपराचे काम सुरू होण्याआधी घरातला प्रत्येक दिवा, पंखा आणि स्वयंपाकघराची चिमणी ठरलेली असावी लागते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. छताच्या फळ्यांना वरून छिद्र पाडून वायर खाली आणता येते आणि ती फळ्यांच्या वर, उष्णतारोधक थराच्या पोटात, धातूच्या नळीतून नेता येते. छप्पर एकदा बंद झाले की पुढचा प्रत्येक नवा दिवा छतावरून उघड्या नळीने आणावा लागतो.

म्हणून स्वयंपाकघर शेवटी बांधायचे असले तरी त्याचा आराखडा आताच पक्का करावा. ओटा, बेट (मधोमध असलेला सुटा ओटा), जेवणाचे टेबल आणि वाचायची खुर्ची यांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखाव्यात, त्यांच्या बरोबर वर छतावर खुणा कराव्यात आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर त्या खुणांखाली उभे राहून पुन्हा विचार करावा. बाथरूमच्या पंख्याची हवा कुठून बाहेर जाईल, छपरातल्या नव्या काचेची जागा कोणती आणि पुढे कधी सौर पॅनल बसवायचे झाले तर त्यांची वायर कुठून उतरेल हेही त्याच कागदावर यावे. थंड-गरम हवेसाठी मोठे डक्ट या घरात बसवता येत नाहीत. भिंतीवरची डक्टविरहित यंत्रे सोयीची पडतात, मात्र त्यांच्या तांब्याच्या नळ्या बाहेरच्या कोणत्या भिंतीवरून जातील ते आधी ठरवावे, नाहीतर कामगार सर्वात जवळची वाट धरतो आणि ती नेमकी दर्शनी बाजूची असते.

तपासणी: इलेक्ट्रिशियन, छप्पर करणारा आणि सुतार या तिघांना एकाच दिवशी, एकाच वेळी घरात बोलवून आराखडा समजावून द्यावा. वेगवेगळ्या भेटींत प्रत्येकाला एकमेकांच्या कामाचा अंदाज येत नाही.

## टप्पा ६: छप्पर

जुने थर फळ्यांपर्यंत उतरवावेत. जुन्या छपरावर नवा थर चढवला की खालची ओल आत अडकते आणि फळ्यांची स्थिती कधीच दिसत नाही. फळ्या उघड्या झाल्या की प्रत्येक काळा डाग आरीने तपासावा. जिथे फळी बदलावी लागेल तिथे लाकडाची जात, रुंदी आणि खालच्या बाजूची खाच मूळच्या फळीसारखीच असावी, कारण ती आतून रोज दिसणार आहे.

उष्णतारोधक थर फळ्यांच्या वर घालायचा असतो. खालून घातला तर छत आणि तुळया दोन्ही झाकल्या जातात आणि ज्या गोष्टीसाठी हे घर घेतले तीच हरवते. पॉलिआयसो या फेसाच्या कडक पत्र्यांना दर इंचाला सुमारे आर-६ (आर हे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचे माप) मिळते, त्यामुळे कमी जाडीत जास्त काम होते. पण ४-५ इंच जाडी छपराच्या कडेपर्यंत तशीच नेली तर मूळची बारीक, सरळ कड जाडजूड पट्टीसारखी दिसू लागते. वळचणीखाली खोली नसते, म्हणून तिथे पूर्ण जाडीची गरजही नसते. पूर्ण थर काचेच्या रेषेपर्यंत आणून पुढे तो पातळ करत न्यावा.

फळ्या आतून बाहेर अखंड जातात आणि त्यांच्या खाचांतून घरातली उबदार, दमट हवाही बाहेर जाते. थंडीत ती वळचणीत गारठून पाणी होते आणि मग गळती नसतानाही फळ्या कुजतात. म्हणून उष्णतारोधक थराच्या आधी फळ्यांवर हवा अडवणारा चिकट पडदा सलग लावावा आणि काचेच्या रेषेवर फळ्यांच्या सांध्यांत सीलंट भरावे. अनुभवी छप्परवालेही हे काम विसरतात. ते स्वतः उभे राहून करून घ्यावे.

सपाट दिसणाऱ्या छपरालाही दर फुटाला किमान पाव इंच उतार हवा. मूळ उतार कमी असेल तर उतरत्या जाडीचे उष्णतारोधक पत्रे वापरून तो तयार करता येतो. निचऱ्याचे तोंड तुंबले तर पाणी कुठून जाईल याचा दुसरा मार्गही ठेवावा, कारण झाडीत ते तोंड कधी ना कधी तुंबतेच. छपरातल्या नव्या काचेची चौकट छपराच्या पृष्ठभागापासून किमान ४ इंच उंच असावी.

सावधान: फळ्यांची खरी जाडी बहुधा दीड इंचाच्या आसपास असते. त्याहून आत जाणाऱ्या स्क्रूची टोके बैठकीच्या छतातून बाहेर येतात. स्क्रूची लांबी करारात लिहून घ्यावी किंवा थर चिकटवून बसवण्याची पद्धत निवडावी, आणि काम सुरू झाल्यावर पहिल्या तासाभरात आत जाऊन छताकडे एकदा पाहून यावे.

## टप्पा ७: काचा

काचेचे काम छप्पर आणि तुळया स्थिर झाल्यावरच काढावे. मूळ काच एकेरी असते आणि खांबांमध्ये लाकडी पट्ट्यांच्या आधाराने थेट बसवलेली असते. दुहेरी काच तिच्यापेक्षा जाड आणि जवळपास दुप्पट जड असते. पाव इंची काचेचे वजन दर चौरस फुटाला सुमारे ३.३ पौंड भरते. म्हणजे ६ फूट बाय ८ फुटांचा दुहेरी तुकडा ३०० पौंडांच्या वर जातो. तो पेलायला खालचा उंबरठा धड आहे का आणि पट्ट्या मागे सरकवून पुरेशी खोली मिळते का, हे ऑर्डर देण्याआधी मोजावे. खालच्या खाचेत पाणी साचले तर दुहेरी काचेची कडेची सीलबंदी लवकर जाते, म्हणून खाचेतून पाणी बाहेर काढणारी छिद्रे हवीतच.

काचेच्या सुरक्षिततेचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. जमिनीपर्यंत आलेल्या मूळ काचा बहुधा साध्या असतात आणि फुटल्यावर त्यांच्या लांब धारदार सुऱ्या होतात. सरकत्या दारांच्या आणि दारालगतच्या काचा, तसेच चालण्याच्या जागेजवळ जमिनीपासून १८ इंचांच्या आत सुरू होणाऱ्या मोठ्या काचा टेम्पर्ड (फुटल्यावर बोथट तुकडे होणाऱ्या) किंवा लॅमिनेटेड (तुकडे आतल्या थराला चिकटून राहणाऱ्या) अशाच घ्याव्यात. सगळ्या काचांसाठी पैसे पुरत नसतील तर आधी या बदलाव्यात आणि उंचावरच्या स्थिर एकेरी काचा पुढच्या वर्षावर ढकलाव्यात. झाडीत पक्षी काचेवर आदळतात, त्यामुळे बाहेरच्या बाजूवर दर २ इंचांवर ठिपके असलेली फिल्म लावण्याची व्यवस्थाही याच वेळी करावी.

## टप्पा ८: जमीन, आतले लाकूड आणि शेवटी स्वयंपाकघर

त्या काळातल्या लादीखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर असेलच असे नाही. नवी लाकडी जमीन घालण्याआधी लादीत छिद्र पाडून आतल्या आर्द्रतेचे माप घ्यावे आणि ते जमिनीच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत बसते का ते पाहावे. लादीत गरम पाण्याच्या नळ्या असतील तर फरशी किंवा घासून चमकवलेले काँक्रीट सर्वात योग्य ठरते, कारण जाड गालिचा आणि जाड लाकूड दोन्ही उष्णता अडवतात.

भिंतींचे प्लायवूड काळवंडलेले दिसते म्हणून त्यावर रंग मारण्याची किंवा सँडर फिरवण्याची घाई करू नये. वरचा वीनिअर इतका पातळ असतो की सँडरच्या एका फेऱ्यात खालचा थर उघडा पडतो. आधी मिनरल स्पिरिटने जुना मेणाचा आणि धुराचा थर पुसावा. मग कपाटामागच्या झाकल्या कोपऱ्यात डिनेचर्ड अल्कोहोलने ओला केलेला कापूस थोडा वेळ टेकवून ठेवावा. पॉलिश चिकट झाले तर ते चपड्याचे (लाखेचे) आहे, आणि त्याच जातीचा नवा हात देऊन ते पुन्हा उजळता येते.

स्वयंपाकघराबद्दल फार लिहिण्यासारखे उरत नाही, कारण त्याचे अवघड निर्णय पाचव्या टप्प्यातच झालेले असतात. वरची कपाटे तुळयांच्या खालच्या कडेपर्यंत नेऊ नयेत, एवढी मोकळी जागा राहिली की छत अखंड दिसते.

काम संपल्यावर छपराखालच्या वायरींचे, लादीतल्या नळ्यांचे आणि सेप्टिकच्या जागेचे फोटो मापांसह छापून विजेच्या पॅनलच्या दाराच्या आत चिकटवावेत. शेवटच्या देयकाची काही रक्कम पहिला जोरदार पाऊस होऊन जाईपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच घालावी, आणि त्या पावसात पहिल्या टप्प्यातल्या कागदावर खूण केलेली प्रत्येक जागा पुन्हा तपासून मगच ती रक्कम द्यावी.